हिमानीचा निरोप

नीलांबरीला बर्फाची भीती वाटायला लागली ती हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथल्या खिडकीतून दिसणारा सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा सायकलींचा पूल. तो चढतानासुद्धा लोक असे वाकतात की जणू पराक्रम गाजवताहेत. अशा सपाट मुलखात वाढलेल्या आपल्या मुलीने विद्यापीठात जाऊन गिर्यारोहणाच्या क्लबात नाव घालावं हेच मुळात नवल. त्यात पुन्हा रोपवे, कुंपण आणि पहारेकरी असलेला साधासुधा उतार हिला चालत नव्हता. जिथे कुणी फिरकत नाही असा डोंगर शोधायचा, पायाला स्की बांधून स्वतःच्या दमाने चढायचा आणि कोऱ्या बर्फातून खाली यायचं, याला ही पोरगी सुट्टी म्हणत होती. तिचं हिमानी हे नाव तिच्या बाबांनी, जयप्रकाशने ठेवलं होतं आणि त्याबद्दल नीलांबरी त्याला अधूनमधून ऐकवत असे.

नीलांबरी झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होती. काय काय बिघडू शकतं ते शोधून काढायचा तिला पगार मिळे, आणि असली सवय ऑफिस सुटलं म्हणून सुटत नाही. हिमानीला हे ठाऊक होतं. म्हणून नाताळात घरी आली तेव्हा आईची भीती घालवायला तिने एक प्रयोग करून दाखवला. ताटात साबुदाणा पसरला, त्यावर बेसनाचा जाड थर दिला, तो हाताने दाबून सारखा केला आणि ताट एका बाजूने हळूहळू उचललं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकदम बेसनाला आडवी भेग पडली आणि तो अख्खा थर सुटून ओट्यावर आला.

"सी, आई? खालचा जुना बर्फ असा लूज असतो, साबुदाण्यासारखा. वरती वारा नवीन बर्फ आणतो आणि प्रेस करतो. वरून मस्त दिसतं. मग कुणीतरी स्टेप करतं, आणि सगळं एकदम येतं. पण आम्ही ते चेक करतो. सो डोन्ट वरी."

कळलं की भीती जाते, असा मुलीचा समज. इकडे साबुदाणा आणि बेसन वेगळं करत बसलेल्या नीलांबरीची भीती दुप्पट झाली. तिने हिमस्खलनाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरांसाठी रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या धोक्याचं पत्रक निघतं, त्यात एक ते पाच असे अंक असतात, हे तिला समजलं. जयप्रकाशचं म्हणणं, "पाचपैकी तीन म्हणजे मधलंच की. निम्मे लोक तर तीनलाच जात असतील." तो धीर द्यायला बोलत होता आणि नेमकं भीतीचं कारण सांगत होता. पाच असला की कुणी दाराबाहेर पडत नाही. तीनला आकाश निळं असतं, बर्फ सुरेख असतो, लोक निघतात, आणि सगळ्यात जास्त माणसं तीनच्याच दिवशी गाडली जातात.

फेब्रुवारीच्या सुट्टीत हिमानी क्लबातल्या चौघांबरोबर ऑस्ट्रियाला गेली. टिरोलमधल्या एका आडबाजूच्या दरीत, डोंगरावरच्या लाकडी हटमध्ये ते पाच जण उतरले. नीलांबरी रोज पत्रक वाचायची. दोन होता, दोन होता, मग वादळ आलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी तीन आला. वायव्येचा वारा, सावलीतल्या उतारांवर ताज्या बर्फाचे थर, खाली कच्चा जुना बर्फ. तिने लगेच फोन लावला.

"आज आम्ही चढताना एक साऊंड आला," हिमानी बोलता बोलता बोलून गेली. "वूम्फ असा. पायाखाली. म्हणजे खालची लेयर बसते."

"म्हणजे ती कच्ची आहे."

"हो, पण तिथे फ्लॅट होतं."

 नीलांबरी विनवण्या करू लागली. आईने मुलीची समजूत काढण्याचे जेवढे प्रकार असतात तेवढे तिने करून पाहिले, रागावली, रडकुंडीला आली. हिमानीने सांगितलं की दोघा मित्रांनाही हे पटत नाहीये आणि ते उद्या सकाळीच गाडी घेऊन घरी निघणार आहेत. योरिस आणि फ्लूर मात्र वर जाणार आहेत. "मी एकतर गाडीतून येईन, नाहीतर त्यांच्याबरोबर वर. सकाळी स्नो बघून ठरवते. तुला कळवते, आई. प्रॉमिस."

त्या रात्री नीलांबरी झोपली असं म्हणता येणार नाही. सकाळी फोन वाजला तेव्हा तो तिच्या हातातच होता. हिमानीचा मेसेज होता, इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द आणि पुढे एक लाल बदाम.

"आई, येते."

तिने तो दोनदा वाचला आणि तिच्या जिवात जीव आला. येते म्हणजे गाडीतून येते. रात्रीपर्यंत घरी. अंघोळीला निघालेल्या जयप्रकाशला तिने बाथरूमच्या दाराशी गाठून फोन दाखवला. "बघ, मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला. तो तसं काहीच म्हणाला नव्हता, पण तिने तेही गोड मानून घेतलं. तिने थालीपिठाची भाजणी काढली, हिमानीची चादर बदलली, खिडकी उघडून स्वच्छ वारा घरात घेतला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिने पत्रक उघडलं नाही.

दुपारी ऑस्ट्रियाचा नंबर दिसला. हट सांभाळणारी बाई बोलत होती. हिमानीने आणीबाणीसाठी आईचा नंबर दिला होता. बाईचं इंग्रजी तुटक होतं आणि श्वास लागला होता.

तिने सांगितलं ते असं. हटच्या मागच्या उतारावर हिमस्खलन झालं होतं. तो बर्फ एका खडकापाशी फुटून दोन घळींत उतरला होता. मोठ्या घळीतून बचाव पथकाने दोघांना काढलं होतं, एक मुलगा आणि एक मुलगी, हॉलंडचे. दोघं जिवंत होते, पण शुद्धीवर नव्हते. हेलिकॉप्टर त्यांना घेऊन जात होतं. सकाळी एक गाडी खाली गेली होती, पण तीत दोन माणसं होती की तीन, हे बाईला ठाऊक नव्हतं. ती स्वयंपाकघरात होती. गाडीतली मुलं फोन उचलत नव्हती. ढग खाली येत होते, आणि लहान घळीच्या वर अजून न सुटलेला बर्फ टांगलेला होता. तिथे माणसं पाठवायची तर कारण हवं.

"तुमची मुलगी कुठे आहे, माहीत आहे का?"

दोघं काढली म्हणजे योरिस आणि फ्लूर. नीलांबरीचे डोळे भरून आले. परक्यांच्या लेकरांसाठी वाईट वाटत होतं आणि खोटं कशाला बोला, आतून सुटल्यासारखंही वाटत होतं.

"ती गाडीत आहे," ती म्हणाली. "सकाळी तिचा मेसेज आला. ती घरी येते आहे."

"नक्की?"

"हो. तिने स्वतः लिहिलंय."

बाईने जर्मनमध्ये देवाचे आभार मानले, मागे कुणाला तरी ओरडून काही सांगितलं आणि फोन ठेवला.

जयप्रकाश हे ऐकून मटकन सोफ्यावर बसला. मग उठून तो उगाच पाणी प्यायला. हिमानीचा फोन बंद लागत होता. "जर्मनीत हायवेला रेंज कुठे असते," तो म्हणाला. "बॅटरीही संपली असेल. पोरांना चार्जर कुठे लक्षात राहतो." आता हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्याने इंडियन दुकानातून पनीर आणि श्रीखंड आणायचं ठरवलं. जाकीट चढवलं, सायकलची किल्ली शोधली, दार उघडलं.

"येतो गं," तो म्हणाला, आणि गेला.

दार बंद झालं. नीलांबरी भाजणीत पाणी घालत होती. तिचा हात तिथेच थांबला.

येतो म्हणाला, आणि गेला.

 मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही. जाणारा परत यावा म्हणून 'येतो' म्हणायचं, हे तिनेच हिमानीला शिकवलं होतं. लहानपणी शाळेत निघताना पोरगी दारातून "जाते" म्हणाली की नीलांबरी तिला परत आत घ्यायची. "जाते नाही म्हणायचं, बाळा. येते म्हण." डच शाळेत बाकी बरंचसं मराठी वाहून गेलं. पोरगी ऐकायची मराठीत आणि उत्तर द्यायची निम्म्या इंग्रजीत, रागावली की डचमध्ये. पण दारातला हा एक शब्द टिकला होता. ट्रामला निघताना, हॉस्टेलला परतताना, क्लबच्या सहलीला जाताना, दरवेळी "आई, येते."

आणि खरोखर घरी यायचं असलं की काय लिहायची ती? नीलांबरी चिकट हातांनीच फोनवर मागचे मेसेज चाळू लागली. 'कमिंग होम.' 'ऑन माय वे.' किंवा तेच डचमध्ये, 'बेन ओंडरवेख.' दिवाळीला, नाताळला, सर्दी झाली म्हणून मधेच आली तेव्हा. एकदाही 'येते' नाही. येणं या अर्थाने तो शब्द हिमानीने जन्मात लिहिला नव्हता. तिच्या लेखी त्याचा एकच अर्थ होता, निघते. पोरीने वचन पाळलं होतं. सकाळी बर्फ बघून, स्की बांधून, वर निघताना आईला कळवलं होतं.

भीती कशी असते हे आपल्याला माहीत आहे असं नीलांबरीला इतके महिने वाटत होतं. ते काहीच नव्हतं.  ऑस्ट्रियाचा नंबर लावताना दोनदा चुकीच्या जागी बोट पडलं.

"माझी चूक झाली," बाईने फोन उचलताच ती म्हणाली. "माझी मुलगी गाडीत नाही."

"तुम्हाला फोन आला?"

"नाही. मला चुकीचं कळलं होतं. तिथे शोधा. दुसऱ्या घळीत. प्लीज."

फोन दुसऱ्या कुणाकडे गेला. पथकाचा प्रमुख असावा, आवाज वयस्क आणि दमलेला होता. तो शांतपणे म्हणाला की त्याची माणसं खाली उतरली आहेत. हेलिकॉप्टर गेलं, आता ढगात ते परत येणार नाही. मोठी घळ त्यांनी यंत्राने तपासली होती, तिथे आणखी कुणी नव्हतं. लहान घळीत जायचं तर त्या टांगलेल्या बर्फाच्या खालून जावं लागेल. "मॅडम, मघाशी तुम्ही म्हणालात ती घरी येते आहे. आता म्हणता नाही. मी माझ्या माणसांना काय सांगू?"

नीलांबरीने सांगायचा प्रयत्न केला. की तिने 'येते' असं लिहिलं, पण आमच्या भाषेत येते म्हणजे जाते. कायम नाही, फक्त निघताना. हे इंग्रजीत बोलताना तिचं तिलाच वेड्यासारखं वाटलं. पलीकडे तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. त्याच्या माणसांनाही घरी आया असतील, बायका असतील, हे तिच्या मनात येऊन गेलं. आणि हिमानी खरंच गाडीत झोपलेली असली, आणि यांच्यातलं कुणी त्या घळीत गाडलं गेलं, तर? शंभर टक्के खात्री तिला नव्हती. कुठून असणार? एका शब्दावरून ती चार परक्या माणसांना मरणाखाली उभं करत होती.

"तुमची भाषा मला येत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण आमच्याकडेही दारात 'पुन्हा भेटू' म्हणतात. मला एका वाक्यात सांगा. ती कुठे आहे?"

नीलांबरीने डोळे मिटले. जो शब्द तिने पोरीच्या तोंडून कधी निघू दिला नाही, तो आता तिलाच काढायचा होता.

"शी हॅज गॉन," ती म्हणाली. "ती गेली आहे. वर गेली आहे."

"ठीक," तो म्हणाला. "जातो आम्ही."

जयप्रकाश पिशवी घेऊन आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेली होती. भाजणीचे हात तसेच होते. तो धावत आला, तिच्यासमोर वाकला.

"काय झालं?"

"मी त्यांना सांगितलं," ती म्हणाली. "हिमानी गेली म्हणून."

त्याच्या हातातली पिशवी गळून पडली. चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं की तिला आपण काय बोलून बसलो ते कळलं, आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. "नाही, नाही. तसं नाही. वर गेली. डोंगरावर गेली, असं सांगितलं. ती गाडीत नाहीये, जेपी. तिने आपल्याला निघते म्हणून कळवलं होतं."

त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो तिच्यावर चिडला, असं कसं बोलतेस म्हणाला, मग तिच्याच खांद्यावर डोकं टेकून थरथरू लागला. तेवढ्यात फोन वाजला. गाडीतल्या मुलांपैकी एकाचा होता. पेट्रोल भरायला थांबल्यावर त्याने इतके चुकलेले फोन पाहिले होते. हिमानी आमच्याबरोबर नाही, तो डचमध्ये म्हणाला. ती योरिस आणि फ्लूरबरोबर वर गेली. का? काय झालं?

आता खात्री झाली. खात्री झाल्याने काही सुटलं नाही, उलट उरलीसुरली आशा होती तीही गेली.

मग ते दोघं फोन मधे ठेवून बसून राहिले. बर्फाखाली माणूस किती वेळ तगतो हे नीलांबरीला पाठ होतं, आणि तो वेळ केव्हाच उलटून गेला होता. ती जयप्रकाशला काही बोलली नाही. तो विचारत नव्हता, म्हणजे त्यालाही कुठून तरी माहीत होतं. तिला सारखं वाटत होतं की आपण मघाशी 'हो' म्हणालो नसतो, फक्त 'ठाऊक नाही' म्हणालो असतो, तर ती माणसं तिथेच होती. हेलिकॉप्टर परत बोलावता आलं असतं. एवढा वेळ आपण भाजणी मळत होतो. शेजारच्या घरात कुणीतरी व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होतं, आणि त्याच्या प्रत्येक घरघरीला दोघंही दचकत होते.

बाहेर दिवे लागले तेव्हा हटवरच्या बाईचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे पहिली काही वाक्यं कळलीच नाहीत. नीलांबरीने जयप्रकाशच्या मनगटात नखं रुतवली होती.

हिमानी सापडली होती. लहान घळीच्या काठाला, छातीपर्यंत बर्फात, एका कातळाला अडकलेली. डोकं बाहेर होतं म्हणून श्वास चालू होता. एक हात मोडला होता, अंग गारठून लाकूड झालं होतं, पण ती त्यांच्याशी बोलली होती. सगळी माणसं सुखरूप खाली आली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर थंडीनेच, बाई म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडलं.

जयप्रकाश मोठ्याने रडला. नीलांबरीला रडू येईना. तिचे दात वाजत होते आणि ते थांबेनात.

नंतर हॉस्पिटलमधून एका नर्सने फोन जोडून दिला. हिमानीचा आवाज जड होता, जीभ नीट वळत नव्हती. आधी ती नुसतीच आई, आई करत राहिली. योरिस आणि फ्लूर जिवंत आहेत, हे तिला तिथे कळलं होतं. मग ती थांबत थांबत बोलू लागली.

"मला हलताच येत नव्हतं, आई. मी ओरडत होते. मग हेलिकॉप्टर आलं. आय हर्ड इट. एकदम जवळ होतं. मला वाटलं, आता मला बघतील." ती दम घ्यायला थांबली. "आणि मग ते गेलं. आवाज लांब लांब गेला. दॅट वॉज द वर्स्ट. मी तिथे होते आणि ते गेले. का गेले ते?"

फोन स्पीकरवर होता. जयप्रकाशने नीलांबरीकडे पाहिलं आणि ओठांनीच, आवाज न करता, 'ढग' म्हणाला. ते खोटंही नव्हतं. ढग आलेच होते. ढग म्हटलं असतं तर मुलीने मान्य केलं असतं आणि पुन्हा कुणी कधी विचारलं नसतं.

"माझ्यामुळे गेले," नीलांबरी म्हणाली. "त्यांनी मला विचारलं होतं तू कुठे आहेस. मी म्हणाले तू घरी यायला निघालीस. गाडीत आहेस."

पलीकडे हॉस्पिटलचं कुठलं तरी यंत्र टिकटिकत होतं.  जयप्रकाशने कपाळाला हात लावला.

"बट आय टोल्ड यू," हिमानी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "सकाळी मी तुला मेसेज केला होता ना, आई. आय टोल्ड यू आय वॉज गोइंग."

"हो," नीलांबरी म्हणाली. "सांगितलं होतंस तू."